दबक्या आवाजातलं कुत्सित हसू इंग्रजीत लिहायचं तर शब्द कोणता?

कोरा_कागद

सध्या इंग्रजीत एक कथा लिहितोय. त्यात वर्गातला एक प्रसंग आहे. नवीन आलेला मुलगा उभा राहून धडा वाचतोय. एका शब्दावर अडतो, उच्चार चुकतो. मागच्या बाकावरची तिघं हसतात. हसणं असं की बाईंच्या कानापर्यंत जाणार नाही, त्या मुलाला मात्र बरोबर पोचेल.

मराठीत लिहीत असतो तर 'फिसकन हसली', 'तोंडावर हात ठेवून खुसुखुसु हसली' असं काहीतरी सहज उतरलं असतं. इंग्रजीत शब्दांची वाण नाही, उलट गर्दीच आहे: स्निकर, स्निगर, टिटर, गिगल, चकल, चॉर्टल, स्नॉर्ट, स्मर्क, स्नीअर. शब्दकोशात बघावं तर स्निकरपाशी 'स्निगर पाहा', स्निगरपाशी 'दाबून हसणे', आणि टिटरपाशीही 'दाबून हसणे'! सगळ्यांचा अर्थ एकच असेल तर इतके शब्द टिकले कसे? जे भाषांतर करतात किंवा ज्यांचं इंग्रजी वाचन दांडगं आहे, त्यांनी जरा उलगडून सांगावं ही विनंती.

पानगळ

स्निकर. ब्रिटिश धाटणीचं इंग्रजी लिहीत असाल तर स्निगर. तुमच्या प्रसंगाला दुसरं काही लागणार नाही.

टाचण

पानगळ यांचं उत्तर बरोबरच आहे. पण तुम्ही 'का' विचारलंय, म्हणून सविस्तर लिहिते. भाषांतराच्या कामात या शब्दांशी रोज गाठ पडते. माझी रीत अशी: अर्थ घटकाभर बाजूला ठेवायचा आणि आधी शरीराकडे बघायचं. हसणाऱ्याच्या ओठांत, नाकात, घशात नक्की काय चाललंय?

स्मर्क आणि स्नीअर यांना आवाजच नाही. हे दोन्ही फक्त चेहऱ्यावर घडतात. स्मर्क ओठांच्या एका कोपऱ्यात असतो आणि त्यात आत्मसंतुष्टता असते. 'बघ, मी म्हटलं होतं ना', 'मला माहीत आहे, तुला नाही' असा भाव. स्नीअरमध्ये वरचा ओठ एका बाजूने उचलला जातो, नाक किंचित आक्रसतं. तिथे निव्वळ तुच्छता आहे, गंमत वाटण्याचा भागच नाही. मराठीत आपण 'कुत्सित हसला' लिहितो, पण स्नीअर करणारा माणूस हसत असतोच असं नाही. म्हणून 'कुत्सित हास्य' दिसलं की लगेच स्नीअर लिहू नये. आधी विचारावं, याला मजा येतेय की किळस?

स्निकर आणि स्निगर यांत मजा येत असते. हसू फुटतंय, तोंड घट्ट मिटलेलं आहे, त्यामुळे हवा नाकावाटे तुटक तुटक सुटते. दाबण्याचा प्रयत्न आणि कुणीतरी लक्ष्य, या दोन गोष्टी शब्दकोश सांगतात. तिसरी ते सांगत नाहीत, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे: साथीदार. स्मर्क माणूस एकटा करू शकतो, आरशापुढेही करू शकतो. स्निकरला बहुधा शेजारी लागतो, ज्याच्याशी नजरानजर झाली की हसू आवरेनासं होतं. तुमच्या प्रसंगात बाक आहे, तिघं आहेत, बाईंचा धाक आहे आणि समोर बिचारा नवा मुलगा आहे. हा शब्द जणू त्याच बाकासाठी घडलाय.

टिटर वेगळा. बारीक, उंच पट्टीतला आणि बराचसा अवघडलेला. भाषण करणाऱ्याची जीभ भलतीकडेच घसरली, हसावं की नाही ते ठरेना, की सभागृहात टिटर पसरतो. 'नर्व्हस टिटर' ही जोडी इंग्रजीत मुरलेली आहे ती त्यामुळेच. मी असते तर दोन्ही शब्द वापरले असते: मागची तिघं स्निगर करतात, आणि त्यापाठोपाठ बाकीच्या वर्गात टिटर उमटतो. त्या बाकीच्यांचं नव्या मुलाशी काही वाकडं नाही. हसणाऱ्यांच्या बाजूला असलेलं बरं, एवढंच त्यांना वाटतं. दोन क्रियापदांत वर्गातले दोन गट वेगळे होतात.

उरलेले भराभर. गिगल म्हणजे खिदळणं, त्यात सहसा विष नसतं. चकल घशातला, मंद, बहुधा प्रेमळ. चॉर्टल हा लुईस कॅरल या इंग्रज लेखकाने चकल आणि स्नॉर्ट यांची मोट बांधून केलेला शब्द. १८७१च्या अखेरीस आलेल्या त्याच्या पुस्तकातल्या एका कवितेत तो पहिल्यांदा आला, तोही हर्षाने हसणाऱ्या बापासाठी. उपहासाला तो शोभत नाही.

खिळेजुळारी

टाचण यांच्या प्रतिसादात भर घालतो. मुद्रितशोधनाचं काम करतो, त्यामुळे हे सांगायलाच हवं.

स्निकर आणि स्निगर एकाच ध्वनीची दोन रूपं आहेत. नाकातून सुटणाऱ्या हसण्याचंच अनुकरण. स्निकर सतराव्या शतकाच्या अखेरीपासून लिखाणात दिसतो, स्निगर त्यानंतर थोड्याच वर्षांनी. पुढे ब्रिटनने स्निगर जास्त उचलला, अमेरिकेने स्निकर. इथवर हा फक्त पसंतीचा मामला.

पण अमेरिकन वाचकासाठी लिहीत असाल तर स्निगर टाळाच. काळ्या लोकांसाठी वापरली गेलेली अत्यंत अपमानास्पद शिवी त्या शब्दाच्या उच्चारात जशीच्या तशी ऐकू येते. व्युत्पत्तीचा काडीचाही संबंध नाही, हे खरं. पण वाचताना कान व्युत्पत्ती विचारत बसत नाही. 'निगार्डली' या शब्दाचं उदाहरण बघा. अर्थ कंजूष, मूळ बहुधा स्कँडिनेव्हियन, शिवीशी नातं शून्य. १९९९ साली वॉशिंग्टन डीसीच्या महापौरांच्या कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याने अंदाजपत्रकाबद्दल बोलताना तो वापरला, आणि त्यावरून त्याला राजीनामा द्यावा लागला. नंतर त्याला पुन्हा कामावर घेतलं, पण शब्दाला चिकटलेला डाग गेला नाही.

तुमच्या कथेतला नवा मुलगा कृष्णवर्णीय असेल, तर मग ब्रिटिश वाचकांसाठी लिहितानाही मी स्निकरच ठेवीन. ज्याच्यावर हसलं जातंय त्याच्या वाटेला तो आवाज लेखकाने घालू नये.

एक तांत्रिक गोष्ट: एका हस्तलिखितात दोन्ही रूपं नकोत. 'कलर'चं स्पेलिंग अमेरिकन आणि हसणं ब्रिटिश, अशी सरमिसळ संपादकाला लगेच खटकते.

नीरक्षीर

सुंदर चर्चा. टाचण यांनी नाकाचा उल्लेख केलाय, तो धागा थोडा पुढे नेतो.

स्निफ म्हणजे हुंगणं, स्नॉर्ट फुरफुरणं, स्नोअर घोरणं, स्नीझ शिंकणं, स्नाउट म्हणजे जनावराचं मुस्कट, स्नॉट म्हणजे शेंबूड. 'स्न'ने सुरू होणारे इतके शब्द नाकापाशी जमा झालेत, आणि मग त्याच रांगेत स्नीअर, स्निकर, स्नब, स्नूटी हे तुच्छतेचे शब्द येऊन उभे राहतात. स्वतःचा निश्चित अर्थ नसलेल्या, पण अर्थाची छटा घेऊन फिरणाऱ्या अशा ध्वनिगटांना जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९३०मध्ये 'फोनेस्थीम' असं नाव दिलं. हा काही कडक नियम नाही. स्नो, स्नेक, स्नेल यांचा नाकाशी काय संबंध? पण इंग्रजी वाचकाला स्निकर वाचताना नाक जाणवतं, ते या शेजारपाजारामुळे.

आणि आता आपल्याकडचं बघा. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याचे सहा प्रकार सांगितलेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. त्यातल्या उपहसिताचं वर्णन काय आहे? नाक फुललेलं, नजर वाकडी, अंग आणि डोकं आखडून घेतलेलं. म्हणजे तिथेही नाकच! नटाने हे हसू कसं उभं करायचं ते भरत सांगतोय, आणि मागच्या बाकावर मान खाली घालून, अंग चोरून, तिरक्या नजरेने बघत हसणारी पोरं हुबेहूब तशीच दिसतात. टाचण म्हणाल्या तसं आधी शरीर बघायचं, ही रीत फार जुनी आहे. मला हे जुळलेलं बघून मनापासून आनंद होतो.

आणखी एक. स्निकर, टिटर, गिगल, चकल, कॅकल (कर्कश हसणं) यांचे शेवट बघा. इंग्रजीत क्रियापदाच्या शेवटचे हे 'अर' आणि 'ल' बऱ्याचदा पुन्हापुन्हा होणारी छोटी क्रिया दाखवतात. आपण तेच काम शब्द दुप्पट करून करतो: फिदीफिदी, खुदुखुदु, खदाखदा. म्हणून स्निकर म्हणजे लहान लहान धक्क्यांची मालिका. एकदाच फस्सकन हवा सुटली असेल तर तो स्नॉर्ट. आणि स्मर्क ओठांवर धरून ठेवलेला, हलतच नाही.

कोरा_कागद

सर्वांचे मनापासून आभार. स्निगर आणि टिटरची जोडी घेतोय, माझ्या कथेतली शाळा ब्रिटिशच आहे.

दोन शंका उरल्या. एक: मधल्या सुट्टीत त्या तिघांचा म्होरक्या व्हरांड्यात एकटाच उभा असतो. नवा मुलगा समोरून जातो तेव्हा तो काही बोलत नाही, नुसता बघतो. इथे स्मर्क चालेल? दोन: तिघांत एक मुलगी आहे. कच्चा खर्डा वाचून एक मित्र म्हणाला, मुलं स्निगर करतात आणि मुली गिगल, तेव्हा तिला वेगळं क्रियापद दे. तसा काही संकेत आहे का?

अडगळ

दुसऱ्या शंकेचं उत्तर आधी देते, कारण ते मला फार जवळचं आहे. संकेत आहे, आणि तो पाळू नये.

इंग्रजी लिखाणात गिगल आणि टिटर मुलींच्या, बायकांच्या माथी मारले गेलेत. स्निगर शाळकरी मुलांच्या, कॅकल म्हातारीच्या किंवा चेटकिणीच्या, आणि चकल भारदस्त पुरुषाच्या. 'स्कूलगर्ल गिगल' आणि 'स्कूलबॉय स्निगर' हे तर जोडशब्दच होऊन बसलेत. परिणाम काय होतो? मुलगी क्रूरपणे हसली तरी ती खिदळली असं लिहिलं जातं. तिचा क्रूरपणा लेखकाच्या हातून पुसला जातो, आणि दुसरीकडे तिचं साधं हसणंही बावळट ठरतं. बाकावरची मुलगी त्या दोघांइतकीच त्या कटात सामील असेल, तर तिला तेच क्रियापद द्या. तिघं स्निगर करतात. बस.

पहिली शंका: हो, तिथे स्मर्क नेमका बसतो. एकटा आहे, आवाज नाही आणि वर्गातला विजय अजून चेहऱ्यावर आहे. गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत स्मर्कचा पूर्वज नुसतं स्मित करणं एवढाच अर्थ सांगायचा. पुढे स्माइल आला, साधा अर्थ त्याने घेतला, आणि स्मर्ककडे बनावट, स्वतःवर खूश असलेलं हसू तेवढं राहिलं.

टाचण यांच्या एका मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. चकल प्रेमळ असतो म्हणता, पण सगळ्यांत बोचरं हसू मला चकलमध्येच सापडलंय. हाताखालच्या माणसाने धीर करून पगारवाढ मागितली, आणि साहेब कागदावरून नजर न उचलता चकल करतो. तो दाबत नाही, लपवत नाही, त्याला तशी गरजच नाही. स्निकर भिऊन हसणाऱ्यांचं असतं, चकल निर्धास्त माणसाचा.

टाचण

अडगळ, हा मुद्दा मान्य, आणि फार नेमका मांडलात. सत्ता कुणाकडे आहे ही कसोटी मी धरलीच नव्हती. बाईंचा धाक आहे म्हणून मुलं दाबून हसतात. साहेबाला धाकच नाही.

पण चकलला एकट्याने हे ओझं पेलत नाही, त्याला वाक्याची साथ लागते. तुमच्या उदाहरणातही 'नजर न उचलता' या तीन शब्दांनीच घाव घातलाय. ते काढा, साहेब लगेच मायाळू वाटू लागतो. स्निकरचं तसं नाही, तो एकटा आला तरी त्याचा डंख कळतो.

आणि मराठी वळणाच्या इंग्रजीत एक गोष्ट निसटते, ती म्हणजे शब्दयोगी. कुणावर हसले ते दाखवायला 'ॲट' हवा: स्निगर्ड ॲट हिम. आपण 'त्याला हसले' म्हणतो, म्हणून 'ॲट' गाळून थेट कर्म जोडण्याचा मोह होतो. तिथे इंग्रजी मोडतं. 'लाफ विथ' आणि 'लाफ ॲट' यांत त्या एका शब्दयोगीवर मैत्री आणि टवाळी वेगळी होते. स्निकरच्या पुढे 'विथ' आला तर तो साथीदाराचा, 'ॲट' आला तर सावजाचा.

पानगळ

म्होरक्याच्या हसण्याबद्दल एक सुचवू? नव्या मुलाच्या नजरेतून लिहीत असाल, तर त्याला फक्त आवाज ऐकू येतोय, तो पुस्तकात बघतोय. मग चेहऱ्यावरचे शब्द तिथे येऊच शकत नाहीत. वर्गात स्निगर, व्हरांड्यात स्मर्क, हा क्रम म्हणूनच बरोबर आहे. आधी ऐकलं, मग पाहिलं.

कोरा_कागद

हे डोक्यातच आलं नव्हतं, आणि आता याच्याशिवाय तो प्रसंग सुचत नाही. आणखी एक विचारतो. व्हरांड्यात पुढे तो म्होरक्या बोलतो: 'नाइस रीडिंग.' त्यानंतर 'ही स्निगर्ड' जोडलं तर?

खिळेजुळारी

नको. माणूस नाकाने हसता हसता वाक्य बोलू शकत नाही, करून बघा. बोलणं आधी किंवा हसणं आधी. संवादाला पूर्णविराम द्या आणि हसणं वेगळ्या वाक्यात घाला.

यावर इंग्रजी लेखकांत जुना वाद आहे. एल्मोर लेनर्ड या अमेरिकन कादंबरीकाराने २००१मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेखनाचे नियम लिहिले, त्यातला एक असा की संवादाला 'सेड'खेरीज दुसरं क्रियापद लावूच नये. मी इतका कडक नाही. एक-दोन शब्दांचा उद्गार असेल तर 'ही स्निकर्ड' खपून जातं. पण पानभर संवादात स्मर्क्ड, स्निगर्ड, चकल्ड, स्नॉर्टेड अशी माळ लागली की वाचक पात्रांकडे न बघता क्रियापदांकडे बघू लागतो. माझ्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत स्मर्कचं पीक सध्या सर्वांत जास्त आहे. नायक प्रेमात पडला तरी स्मर्क, रागावला तरी स्मर्क. एका कथेत एक स्मर्क पुरतो. तुमचा व्हरांड्यात खर्च झालाय.

नीरक्षीर

'नाइस रीडिंग' एवढंच राहू द्या. ते पुरेसं जहरी आहे.

नवखी_वाचक

धागा वाचून खूप शिकायला मिळालं. एक जवळचाच प्रश्न. माझ्या इंग्रजी कथेत दोघी मैत्रिणी मोबाइलवर एकमेकींना संदेश पाठवतात आणि तिसरीची टवाळी करतात. तिथे क्रियापद कसं येणार? पात्र स्वतःच हसू टाइप करतंय. हे दबकं हसू संदेशात कसं लिहायचं?

नीरक्षीर

हसू अक्षरांत टाइप करणं मोबाइलच्या फार आधीचं आहे. एल्फ्रिक नावाच्या इंग्लिश धर्मगुरूने इ. स. १०००च्या सुमारास लॅटिनचं व्याकरण लिहिलं. त्यात त्याने नोंदवलंय की 'हाहा' आणि 'हेहे' हे लॅटिनमध्ये आणि इंग्रजीतही हसू दाखवतात. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर या इंग्लिश कवीने एका कथेत खोडी काढून खिडकी लावून घेणाऱ्या बाईच्या तोंडी 'टीही' घातलं. ते अगदी तुम्हाला हवं तसलंच हसू आहे: चोरटं, कुणाची तरी फजिती करून आलेलं. त्यामानाने 'लोल' कालचं पोर, ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात ते २०११मध्ये आलं.

अडगळ

इमोजींतही हीच वाटणी दिसते. एका बाजूने ओठ वळवलेला चेहरा युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या आणि इमोजींच्या प्रमाण यादीत) २०१०ला आला, त्याचं अधिकृत नावच 'स्मर्किंग फेस' आहे. तोंडावर हात धरलेला हसरा चेहरा २०१७चा. तो वर्णनापुरता स्निकरच्या जवळ जातो, पण लोक तो लाजण्यासाठी, 'अगं बाई' म्हणण्यासाठीही वापरतात. त्यामुळे टवाळीसाठी त्याच्यावर विसंबू नका.

टाचण

नवखी_वाचक, मी असते तर 'हेह' वापरला असता. एकदाच, पुढे उद्गारचिन्ह न देता. 'हाहा' मोकळा आहे, 'हेहे' खोडकर, आणि 'हेह' म्हणजे नाकातून सुटलेला एकच श्वास. त्याची जागा मात्र महत्त्वाची. टवाळीचं वाक्य पहिली लिहिते आणि 'हेह' दुसरी, म्हणजे ती साथीदार झाली. तीच पहिली स्वतःच्या वाक्याच्या शेपटीला 'हेह' लावेल तर ती शब्द सौम्य करतेय असं वाटतं, जरा कचरल्यासारखं. आणि तोच 'हेह' चुकून तिसरीच्या संदेशाला उत्तर म्हणून गेला, तर दुसरं काही लिहावं लागणार नाही. तिला कळेल.

नवखी_वाचक

चुकून तिसरीला जाणं! माझ्या कथेला शेवट नव्हता. धन्यवाद, आता लिहायला बसते.